हळदी-कुंकवाच्या हंगामासाठी हळद पावडरची ऑनलाइन जाहिरात : प्रकल्प नोंदी, वसमत

१० नोव्हेंबर २०२५

वसमत तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या हळद पावडरची ऑनलाइन जाहिरात आणि विक्री नव्याने उभी करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हिंगोली-वसमतच्या बाजारात हळदीची मोठी उलाढाल होते; तरीही पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात ही हळद पोहोचते ती दुसऱ्याच्या नावाने, कारण इथला शेतकरी कांडी (हळकुंड) विकून मोकळा होतो आणि दळण, पुडा व नाव हे सगळे पुढचा कोणीतरी करतो. कंपनीला स्वतःच्या नावाचा पुडा थेट घरापर्यंत न्यायचा आहे. पहिले उद्दिष्ट जवळचे ठेवले आहे. १४ जानेवारीच्या संक्रांतीपासून २५ जानेवारीच्या रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकवाचे कार्यक्रम होतात, त्यांत वाण म्हणून देता येतील असे शंभर ग्रॅमचे पुडे विकायचे आहेत.

पहिली अडचण जाहिरातीची नसून मालकीची निघाली. कंपनीचे आधीचे काम पाहणाऱ्या एका एजन्सीने जाहिरात खाते आणि संकेतस्थळावरचा पिक्सेल (कोण आले, कोणी खरेदी केली हे जाहिरात खात्याला कळवणारा कोड) स्वतःच्याच नावावर उघडला होता. करार संपला तसा तो सगळा इतिहास त्यांच्याकडेच राहिला. कोणत्या वयाच्या, कोणत्या गावच्या लोकांनी खरेदी केली, कोणती जाहिरात चालली, यांतले काहीही कंपनीच्या हाती नाही. पूर्वी हे नुकसान मर्यादित असे, कारण प्रेक्षक कसा निवडायचा हे जाहिरात लावणारा माणूस ठरवत असे आणि ते ज्ञान दुसऱ्या खात्यात पुन्हा मांडता येत असे. आता प्रेक्षक यंत्रणा शोधते आणि ती शिकते ती खात्यात साठलेल्या नोंदींवरून, म्हणून खाते ज्याचे त्याचीच शिदोरी. आज कंपनीच्या नावाने मेटाचे (फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप चालवणाऱ्या कंपनीचे) नवे व्यवसाय खाते उघडले, त्यावर कंपनीच्याच दोन पदाधिकाऱ्यांना प्रशासक केले, दोन टप्प्यांची सुरक्षा लावली आणि मला स्वतःला फक्त जाहिराती चालवण्यापुरता प्रवेश घेतला. मी उद्या हे काम सोडले तरी खात्यातली नोंद कंपनीकडेच राहील.

१५ नोव्हेंबर २०२५

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ चा आहे; त्याचे नियम काल, १४ नोव्हेंबरला अधिसूचित झाल्याचे कळले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत आहे. आपल्या प्रकल्पाने मात्र तेवढी वाट पाहू नये असे माझे मत आहे, आणि संचालक मंडळाने ते मान्य केले.

कारण साधे आहे. कंपनीकडे प्रदर्शनांतून आणि गिरणीवरच्या थेट विक्रीतून जमलेली ग्राहकांची एक जाडजूड नोंदवही आहे: नाव, गाव, मोबाइल क्रमांक. हे क्रमांक मेटा किंवा गूगलवर चढवून ‘अशाच लोकांना जाहिरात दाखवा’ असे सांगण्याची सोय आहे आणि लहान विक्रेत्यासाठी तीच सर्वांत मोलाची सामग्री आहे. पण कागदावर घेतलेली माहिती संगणकात भरली की तीही या कायद्याच्या कक्षेत येते, आणि कायद्याला हवी असलेली संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट हेतूसाठीची आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली असावी लागते. प्रदर्शनात ज्या बाईंनी बिलासाठी क्रमांक दिला, त्यांनी जाहिरातीसाठी संमती दिली असे म्हणता येत नाही. त्यामुळे जुनी नोंदवही जशीच्या तशी चढवायची नाही असे ठरले.

त्याऐवजी प्रत्येक पुड्यासोबत आणि व्हॉट्सॲपवरच्या पहिल्या उत्तरासोबत जाणारा मजकूर तयार केला: ‘आपला क्रमांक आम्ही ऑर्डर पोहोचवण्यासाठी वापरतो. नव्या हंगामाची माहिती पाठवावी आणि आमच्या जाहिराती योग्य लोकांपर्यंत जाव्यात यासाठीही तो वापरावा, असे वाटत असल्यास ‘होय’ असे कळवा. आपण केव्हाही ‘बंद’ असे कळवून हे थांबवू शकता.’ कायद्यानुसार ही सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला मिळाला पाहिजे, आणि मराठी त्या बावीस भाषांत आहेच. वहीत नवा रकाना आखला: संमती, तारखेसह.

२४ नोव्हेंबर २०२५

मेटाच्या मोहिमेची रचना आज ठरवली. मंडळातल्या काहींना पूर्वीची पद्धत आठवते, ज्यात ‘मसाले’, ‘आयुर्वेद’, ‘स्वयंपाक’ अशा आवडीनिवडी निवडून, स्त्री-पुरुष आणि वय ठरवून, नको ते लोक वगळून प्रेक्षक बांधला जाई. ती पद्धत का मोडत गेली हे समजावून सांगण्यात बैठकीचा बराच वेळ गेला, आणि तो सत्कारणी लागला.

एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर प्रत्येक ॲपला ‘तुमचा माग ठेवू का’ असे विचारणे बंधनकारक केले आणि बहुतेकांनी नकार दिला. २०२२ या एका वर्षात त्याचा सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल असा अंदाज मेटाने स्वतःच गुंतवणूकदारांना सांगितला होता. आपले बहुसंख्य ग्राहक अँड्रॉइडवर आहेत, तरी परिणाम आपल्यापर्यंत पोहोचला, कारण मेटाने सगळी यंत्रणाच कमी माहितीवर चालेल अशी फिरवली. १९ जानेवारी २०२२ पासून आरोग्य, धर्म, राजकीय कल अशा नाजूक विषयांवरचे निवडीचे पर्याय काढले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲडव्हांटेज प्लस खरेदी मोहिमा आल्या, ज्यांत प्रेक्षक, जागा आणि बोली हे तिन्ही यंत्रणाच ठरवते. जुलै २०२४ पासून नव्या मोहिमांत आवडीनिवडींवरून लोक वगळण्याची सोयही राहिली नाही. आज आपण ‘मसाले’ ही आवड निवडली, तरी ॲडव्हांटेज प्लस प्रेक्षकात ती केवळ सूचना ठरते. ठिकाण, भाषा आणि किमान वय यांची बंधने मात्र यंत्रणा पाळते.

यातून आपल्यासारख्यांसमोर एक कठीण गणित उभे राहते. एका जाहिरात संचाला (मोहिमेतल्या एकाच प्रेक्षकासाठीच्या जाहिरातींच्या गटाला) साधारण आठवड्यात पन्नास निकाल मिळाले, तर त्याचा शिकण्याचा टप्पा पूर्ण होतो असे मेटा सांगते. निकाल म्हणून ‘संकेतस्थळावरील खरेदी’ निवडली, तर आपल्या अंदाजपत्रकात आठवड्याला पन्नास खरेद्या होणे अशक्य आहे, आणि पाच-सहा संचांत पैसे वाटले तर एकही संच शिकून पूर्ण होणार नाही. म्हणून तीन निर्णय घेतले. निकाल म्हणून व्हॉट्सॲपवर सुरू झालेले संभाषण धरायचे, कारण आपला ग्राहक तसाही आधी ‘भाव काय’ विचारतो आणि मगच पैसे पाठवतो. मोहीम एकच, संचही एकच, आणि विविधता आणायची ती फक्त चित्रफिती व मजकुरात. शिवाय अंदाजपत्रकात किंवा प्रेक्षकात मोठा बदल केला की शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून रोज हात लावायचा नाही. आठवड्याच्या बैठकीतच निर्णय घ्यायचा.

ठिकाणे म्हणून पुणे, मुंबई, ठाणे, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड ठरली. वसमत आणि हिंगोली मुद्दाम वगळली आहेत. ज्याच्या स्वतःच्या वावरात हळद उभी आहे, त्याला पुड्याची जाहिरात दाखवण्यात अर्थ नाही, आणि २ डिसेंबरला नगरपरिषदांचे मतदान असल्याने सध्या इथल्या प्रत्येक मोबाइलवर उमेदवारांच्या रील्सची गर्दी आहे. ठिकाण ही यंत्रणा पाळते त्या बंधनांपैकी एक असल्याने ती निवड विचारपूर्वक करणे एवढे तरी अजून आपल्याकडे आहे.

३ डिसेंबर २०२५

चित्रीकरण. प्रेक्षकाची निवड हातातून गेल्यावर जाहिरात कोणाला दिसावी हे प्रत्यक्षात चित्रफितच ठरवते, कारण ती पाहून कोण थांबतो आणि कोण पुढे सरकतो यावरूनच यंत्रणा पुढचा माणूस शोधते. हा माझ्या दृष्टीने सगळ्या बदलांचा गाभा आहे, आणि म्हणून आजच्या कामाला मी सर्वांत जास्त वेळ दिला.

सर्व चित्रण उभ्या चौकटीत, ९:१६ या प्रमाणात केले. इन्स्टाग्रामने जानेवारी २०२५ मध्ये प्रोफाइलवरची चौकोनी जाळी काढून उभी केली आणि जून २०२५ मध्ये फेसबुकने आपल्याकडचे सगळे व्हिडिओ रील्स म्हणूनच प्रसिद्ध होतील असे जाहीर केले. आडव्या चित्रफितीला आता जागाच उरलेली नाही. गिरणीवरच्या मामांनी कांडी मोडून दाखवली. कांडी कट्‌कन तुटते, आतला भाग गर्द नारिंगी दिसतो आणि बोटांवर पिवळा डाग राहतो. तो आवाज आम्ही संगीताशिवाय तसाच ठेवला. पहिल्या तीन सेकंदांत तोच प्रसंग येतो, नंतर दळण, चाळण, पुडा आणि शेवटी वाणाचे ताट.

सायंकाळी जाहिरातीचा मसुदा खात्यात चढवून पाहिला. तिथे चित्राचा उजेड आणि रंग आपोआप सुधारणे, पार्श्वभूमी बदलणे, मजकुराचे पर्याय तयार करणे अशा सोयी देऊ केलेल्या असतात. उजेड वाढवलेल्या नमुन्यात हळद लिंबासारखी पिवळीधमक दिसू लागली. मामांनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, “आपली हळद एवढी भडक नसती बघा. असा रंग दिसला की गिऱ्हाईक म्हणल, यात रंग कालवलाय.” त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. भेसळीच्या भीतीपोटीच लोक थेट शेतकऱ्याकडून हळद घेऊ पाहतात. त्यांना पुडा उघडल्यावर वेगळाच रंग दिसला तर सगळा विश्वास जाईल. या सर्व सोयी एकेक करून बंद केल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेने शेताची किंवा शेतकरी बाईची चित्रे तयार करायची नाहीत, असेही ठरवले. अशा मजकुरावर ठळक खूण असावी असा नियमांचा मसुदा केंद्र सरकारने २२ ऑक्टोबरला मांडला आहेच. पण तो नसता तरी, सप्टेंबरच्या अतिवृष्टीत ज्यांच्या वावरात पाणी साचून कंद कुजले त्यांच्या जागी यंत्राने काढलेले हसरे चेहरे दाखवणे मला पटले नसते.

९ डिसेंबर २०२५

गूगलवरील शोध जाहिराती सुरू केल्या. हल्लीच्या शोध जाहिरातीत पंधरापर्यंत शीर्षके आणि चारपर्यंत वर्णने द्यायची असतात. त्यांतून कोणती जोडी कोणाला दाखवायची हे गूगल ठरवते. शीर्षकाला तीस अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीत ती फार लवकर भरते, कारण काना, मात्रा, वेलांटी हेही स्वतंत्र धरले जातात. ‘हळदी-कुंकवाच्या वाणासाठी शुद्ध हळद’ हे डोळ्यांना छोटे दिसणारे शीर्षक त्यात बसत नाही. ‘वाणासाठी वसमतची हळद’ बसते, आणि ते चांगलेही आहे.

शोधशब्दांचा अहवाल पाहिल्यावर खरी गोष्ट कळली. ‘वसमत हळद’ या शब्दांवर आपली जाहिरात ज्यांना दिसली त्यांतले बरेच जण ‘वसमत हळद भाव आजचा’, ‘हळद मार्केट हिंगोली’, ‘हळद बेणे’ असे शोधत होते. हे ग्राहक नसून शेतकरी आहेत. मोंढ्यात माल न्यायचा की थांबायचा हे ठरवण्यासाठी ते भाव पाहत आहेत. त्यांच्या प्रत्येक क्लिकचे पैसे आपण भरतो आणि त्यांचाही वेळ वाया घालवतो. भाव, बाजारभाव, मार्केट, मोंढा, आवक, बेणे, लागवड, करपा, कंदकूज हे शब्द नकार यादीत, म्हणजे जे शोधणाऱ्याला जाहिरात दाखवायची नाही अशा शब्दांच्या यादीत, घातले. गूगलची नकार यादी शब्दांची जवळची रूपे आपणहून धरत नाही, म्हणून भाव, भावाचा, दर, दराने अशी विभक्तीची रूपेही वेगळी भरावी लागतात. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांसाठी तीच यादी त्या लिपीतही केली. परफॉर्मन्स मॅक्स या, गूगलच्या सगळ्या जागांवर यंत्रणेनेच जाहिरात लावण्याच्या मोहिमेत पूर्वी मोहिमेपुरती अशी यादी स्वतः लावता येत नसे. २०२५ मध्ये ती सोय आली. तरीही तो प्रकार या हंगामात नको असे मी सुचवले आहे, कारण आपल्याकडे त्याला शिकवण्याएवढ्या खरेद्यांची नोंद अजून नाही.

१६ डिसेंबर २०२५

एक छोटी नोंद. मेटा एआयशी लोक जे बोलतात त्याचाही उपयोग मजकूर आणि जाहिराती सुचवण्यासाठी आजपासून केला जाईल, असे मेटाने ऑक्टोबरमध्ये जाहीर केले होते. आपल्याला खात्यात काही करावे लागत नाही. पण ‘आमची माहिती कुठे कुठे जाते’ असे ग्राहकाने विचारले तर व्हॉट्सॲप सांभाळणाऱ्या ताईंकडे खरे उत्तर असावे, म्हणून त्यांच्यासाठी अर्ध्या पानाची टीप लिहून दिली.

२२ डिसेंबर २०२५

व्हॉट्सॲपचा खर्च. जुलै २०२५ पासून व्यवसायांच्या मोठ्या प्रणालीवर आकारणी संभाषणागणिक नसून पाठवलेल्या प्रत्येक साचेबद्ध संदेशागणिक होते. प्रचाराचा संदेश महाग पडतो. ग्राहकाने आधी लिहिले असेल, तर त्यानंतरच्या चोवीस तासांत दिलेल्या उत्तराला पैसे पडत नाहीत, आणि त्या अवधीत पाठवलेला ऑर्डरसंबंधीचा संदेशही मोफत असतो. जाहिरातीवरून आलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत उत्तर दिले तर पुढचे बहात्तर तास मोफत मिळतात. या सगळ्याचा अर्थ एकच निघतो: न विचारता शेकडो जणांना संदेश पाठवण्यापेक्षा, विचारणाऱ्याला वेळेवर उत्तर देणे स्वस्त आहे.

सध्या मोठ्या प्रणालीची गरज नाही. साधे व्हॉट्सॲप बिझनेस पुरते. त्यातली ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे बाकी’, ‘पैसे मिळाले’, ‘ऑर्डर पूर्ण’ ही लेबले ताई आता नेटाने लावत आहेत. या ॲपमधून एका यादीत २५६ जणांनाच प्रक्षेपण (ब्रॉडकास्ट) करता येते आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच ते मिळते. मंडळाला ही अडचण वाटली. मला ती योग्य चाळणी वाटते. ज्याला आपल्याकडून काही ऐकायचे आहे तोच क्रमांक जतन करतो.

३० डिसेंबर २०२५

पुण्यातल्या मराठी पाककृती दाखवणाऱ्या एका ताईंनी आमची हळद वापरून चित्रफीत करायला होकार दिला. मानधन ठरले आहे, म्हणून ती चित्रफीत सशुल्क भागीदारीच्या खुणेसहच येईल आणि सुरुवातीलाच त्या तोंडानेही तसे सांगतील. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि जानेवारी २०२३ मधल्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत. फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

वादाचा मुद्दा निराळा होता. हळदीने साखर आटोक्यात राहते, सांधेदुखी जाते, अशी वाक्ये चित्रफितीत असावीत असा एका संचालकांचा आग्रह होता. आपण अन्नपदार्थ विकतो. रोग बरा होतो असा दावा अन्नपदार्थाच्या जाहिरातीत करता येत नाही, आणि मेटाच्या धोरणातही तो बसत नाही. कर्क्युमिनचे (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचे) प्रमाण सांगायचे असेल तर ज्या घाण्याची, म्हणजे एका वेळी दळलेल्या मालाची, पावडर पुड्यात आहे त्याच घाण्याच्या प्रयोगशाळा अहवालातला आकडा द्यावा, आणि त्याची तळटीप दाव्याच्याच भाषेत म्हणजे मराठीत असावी, असे मी लेखी दिले. अहवाल मागवला आहे. तो येईपर्यंत जाहिरातीत ‘वसमतची हळद, शेतकऱ्यांच्या गिरणीवर दळलेली’ एवढेच राहील, आणि ते पुरेसे आहे.

१६ जानेवारी २०२६

संक्रांत झाली. मागणीचा भर अपेक्षेप्रमाणे आधीच्या आठवड्यात होता. आता रथसप्तमीपर्यंत छोट्या ऑर्डर येत राहतील.

आकड्यांचा मेळ घालताना नेहमीचा प्रश्न आला. मेटाचा अहवाल क्लिक केल्यापासून सात दिवस आणि नुसती जाहिरात पाहिल्यापासून एक दिवस एवढ्या मुदतीतले निकाल स्वतःच्या नावावर धरतो. गूगल आपल्या पद्धतीने तेच करते. एखादीने इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीवर क्लिक करून व्हॉट्सॲपवर भाव विचारला, दोन दिवसांनी गूगलवर नाव शोधले आणि तिथल्या जाहिरातीवरून फोन करून ऑर्डर दिली, तर दोन्हीकडे तिचे श्रेय लागते आणि बेरीज प्रत्यक्ष पुड्यांपेक्षा जास्त दिसते. म्हणून व्हॉट्सॲप सांभाळणाऱ्या ताईंच्या वहीतला ‘आमची हळद कुठे पाहिली?’ हा रकाना आम्ही अंतिम मानला आहे. त्यात एक गोष्ट ठळक दिसते, जी कोणत्याच अहवालात नाही: बऱ्याच जणींनी ‘मैत्रिणीकडे हळदी-कुंकवाला पुडा मिळाला’ असे सांगितले आहे. म्हणजे वाणाचा पुडा हीच जाहिरात झाली, आणि त्याचे मूळ ज्या पहिल्या ऑर्डरीत आहे ती मात्र मेटाच्या मोहिमेतून आली होती. पुढच्या छपाईत पुड्याच्या मागे व्हॉट्सॲपचा क्यूआर कोड मोठा छापावा, आणि त्यातून येणाऱ्या पहिल्या संदेशात ‘वाण’ हा शब्द आपोआप यावा, म्हणजे हा मार्ग वेगळा मोजता येईल.

जाहिरातीच्या बिलांवरील अठरा टक्के जीएसटीचे इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळावे म्हणून कंपनीचा जीएसटी क्रमांक दोन्ही खात्यांत भरला असल्याची खात्री लेखापालांसह केली.

२७ जानेवारी २०२६

रथसप्तमी उलटली, वाणाची मोहीम थांबवली. खाते बंद केलेले नाही. थोड्या खर्चात तोच संच चालू ठेवून स्वयंपाकाच्या अर्धा किलोच्या पुड्याची चित्रफीत त्यात घातली आहे. संमतीच्या रकान्यात ‘होय’ असलेले क्रमांक आज पहिल्यांदा वेगळ्या यादीत घेतले. यादी लहान आहे, परंतु तिच्यातले प्रत्येक नाव विचारून घेतलेले आहे, आणि तीच दोन्ही खात्यांत ग्राहक यादी म्हणून चढवायची आहे.

काढणीला आता सुरुवात होईल. ज्या सभासदांचे पीक अतिवृष्टीतून वाचले आहे त्यांच्या वावरातली काढणी, शिजवणी, वाळवणी आणि पॉलिश यांचे चित्रण त्या त्या दिवशीच करायचे आहे. त्यासाठी प्रत्येक सभासदाकडून चित्रणाची लेखी संमती घेण्याचे काम या आठवड्यात मामा आणि मी मिळून करू. नवी पावडर गिरणीतून निघेपर्यंत ‘नवी हळद’ हे शब्द कोणत्याही जाहिरातीत येणार नाहीत, ही सूचना खात्यात काम करणाऱ्या सर्वांना कळवली आहे.